कर्त्याचा शोध आणि कर्त्याचा अव्हेर : विकिपीडियातील चित्रे, वाद आणि लेखकत्व

‘लेखकाचा मृत्यू’ ही शब्दसंहती मराठी समीक्षेत रुळली ती रूपक म्हणून. रोलाँ बार्थ यांचा या नावाचा निबंध १९६७ मध्ये प्रथम इंग्रजी अनुवादात आणि १९६८ मध्ये मूळ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मृत्यू कोणा व्यक्तीचा नाही, संहितेच्या अर्थावर लेखकाची जी मालकी गृहीत धरली जाते तिचा तो अंत आहे, हे आता पदव्युत्तर वर्गातही वेगळे सांगावे लागत नाही. प्रताधिकाराच्या कायद्याला मात्र हे रूपक ठाऊक नाही. त्याच्या लेखी लेखकाचा मृत्यू ही दिनदर्शिकेतील एक तारीख असते आणि तिच्यापासून पुढे वर्षे मोजायची असतात. बार्थ मार्च १९८० मध्ये वारले. मृत्यूनंतर फ्रान्समध्ये ७० आणि भारतात ६० वर्षे हा हिशोब धरला, तर लेखकाला संहितेतून हद्दपार करणारी ही संहिता भारतात १ जानेवारी २०४१ रोजी आणि फ्रान्समध्ये १ जानेवारी २०५१ रोजी मुक्त होईल. तोवर तिच्यावर लेखकाचा, म्हणजे आता त्याच्या वारसांचा, हक्क अबाधित आहे.

मराठीपुरते बोलायचे तर कलाकृतीच्या स्वायत्ततेचा सर्वांत आग्रही पुरस्कार करणाऱ्या बा. सी. मर्ढेकरांचे सौंदर्यविषयक लेखन त्यांच्या हयातीबाहेर पडले ते १ जानेवारी २०१७ रोजी, कारण मर्ढेकर २० मार्च १९५६ रोजी निवर्तले होते. कलाकृतीच्या विचारातून वगळलेले चरित्र तिच्या मुक्तीच्या क्षणी असे पुन्हा हजर होते. शिवाय हा हिशोब अढळही नसतो. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्काची तेव्हाची ५० वर्षांची मुदत १९९१ अखेर संपत असताना भारतीय कायद्यात दुरुस्ती होऊन ती ६० वर्षे झाली आणि हे वाङ्मय आणखी दशकभर हक्काधीन राहिले.

समीक्षेतील मृत्यू आणि कायद्यातील मृत्यू एरवी एकमेकांना भेटत नाहीत. एकाचा प्रांत अर्थाचा, दुसऱ्याचा मालमत्तेचा. ते एकाच पानावर शेजारी येऊन बसतात ते विकिपीडिया या सामूहिक ज्ञानकोशात. इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी. या कोशातील वादांकडे तांत्रिक किंवा फार तर माध्यमविषयक बाब म्हणून पाहण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकांना जडली आहे. वास्तविक तेथे रोज जे भांडण चालते ते लेखकत्वाविषयीचे आहे, आणि ते अशा व्यक्ती लढवत असतात ज्यांनी बहुधा बार्थ वाचलेला नाही. मजकुराच्या बाबतीत तेथे ‘हे कोणी लिहिले?’ हा प्रश्न गैरलागू ठरतो. चित्राच्या बाबतीत त्याच्याखेरीज दुसरा प्रश्नच विचारला जात नाही.

चित्रांपासून आरंभ करणे सोयीचे, कारण तेथील गोंधळ मुळात भाषेचा आहे. विकिमीडिया कॉमन्स या सामायिक चित्रसंग्रहात छायाचित्र चढवणाऱ्यास ते ‘स्वतःचे काम’ आहे की दुसऱ्याचे, हे जाहीर करावे लागते. आता ‘हा माझा फोटो आहे’ हे साधे मराठी वाक्य घ्यावे. त्याचे किमान तीन अर्थ होतात : या फोटोत मी आहे, हा फोटो माझ्या मालकीचा, माझ्या आल्बममधला आहे, हा फोटो मी काढला आहे. मराठीची षष्ठी हे तीनही संबंध एकाच प्रत्ययात सामावून घेते आणि व्यवहारात कोणाचे अडत नाही. ‘फोटो काढणे’ हे क्रियापदही तसेच. ‘लग्नानंतर आम्ही स्टुडिओत जाऊन फोटो काढला’ असे म्हणणारे जोडपे कॅमेऱ्यासमोर बसलेले असते. कॅमेऱ्यामागच्या माणसाला या वाक्यात जागा नाही. प्रताधिकार मात्र तीन अर्थांपैकी केवळ तिसरा ओळखतो. आजोबांचे छायाचित्र घरच्या पेटीतून काढून, स्कॅन करून, ‘स्वतःचे काम’ म्हणून चढवणारा नातू खोटे बोलत नसतो. तो त्याच्या भाषेत खरे बोलत असतो, आणि तरीही काही दिवसांनी ते छायाचित्र वगळण्याच्या चर्चेत येते. छायाचित्र मुक्त असल्याविषयी सबळ शंका उरत असेल तर ते ठेवायचे नाही, आणि ते मुक्त असल्याचे सिद्ध करण्याचा भार चढवणाऱ्यावर, असा त्या संग्रहाचा दंडक आहे. चर्चेत उतरणारा स्वयंसेवक आणि तो नातू यांच्यातील कटुता ही पुष्कळदा दुष्टबुद्धीची नसून विभक्तीप्रत्ययाची असते.

भारतीय कायदा या बाबतीत अधिक गुंतागुंतीचा, आणि खरे तर अधिक रसपूर्ण आहे. १९५७ च्या अधिनियमानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती. परंतु मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राच्या बाबतीत, उलट करार नसेल तर, प्रताधिकाराचा पहिला स्वामी तो काढवून घेणारा ठरतो. म्हणजे स्टुडिओतील त्या जोडप्याचे ‘आमचा फोटो’ हे म्हणणे स्वामित्वाच्या अंगाने बरोबर आणि कर्तृत्वाच्या अंगाने चूक असते. कर्ता आणि स्वामी ही फारकत कायद्याने केली, पण तिचा उपयोग फार होत नाही, कारण मुदत मोजायची ती कर्त्याच्या आयुष्यावरून. २०१२ पर्यंत छायाचित्रांची मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून मोजत. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते कलम गेले आणि छायाचित्रकार साहित्यिकाच्या पंक्तीला येऊन बसला : त्याचे आयुष्य आणि पुढे ६० वर्षे. सन्मान खराच, पण त्यामुळे ज्याचे नावही कोणी लिहून ठेवले नाही त्याची मृत्युतिथी शोधण्याची पाळी आली. कर्ता अनामिकच असेल तर प्रकाशनापासून ६० वर्षे हा वेगळा नियम आहे. मात्र आल्बममधले छायाचित्र ‘प्रकाशित’ केव्हा झाले, हा प्रश्न मग उरतो. जुन्या छायाचित्रामागे स्टुडिओचा शिक्का असतो. त्या दिवशी बटण मालकाने दाबले की नोकरीवरच्या मुलाने, हे शिक्का सांगत नाही. मराठी ग्रंथांच्या मलपृष्ठांवर लेखकांची छायाचित्रे छापण्याची प्रथा जुनी असली, तरी छायाचित्रकाराचे नाव देण्याविषयी पुष्कळ प्रकाशक दीर्घकाळ उदासीन राहिले. त्या उदासीनतेची किंमत आज चित्राविना उभ्या असलेल्या लेखांना मोजावी लागते आहे.

चित्राविना राहण्याचे दुसरेही एक कारण आहे. विकिमीडिया प्रतिष्ठानच्या मार्च २००७ च्या ठरावानुसार प्रत्येक भाषेतील कोशाला अमुक्त चित्रांसाठी मर्यादित अपवाद ठरवता येतो, परंतु हयात व्यक्तींच्या छायाचित्रांना तो जवळजवळ कधीच लागू होत नाही. कारण व्यक्ती हयात आहे तोवर कोणीतरी तिचे नवे, मुक्त छायाचित्र काढू शकेल अशी अपेक्षा धरता येते. व्यक्ती गेली की ही शक्यता मावळते, आणि मग इंग्रजी विकिपीडियासारख्या कोशात ‘उचित वापर’ म्हणून एखादे हक्काधीन छायाचित्रही लहान आकारात ठेवता येते. जर्मन विकिपीडिया आणि कॉमन्स एवढीही सवलत देत नाहीत. नियमाचा तर्क निर्दोष आहे. परिणाम मात्र असा, की लेखक जिवंत असताना त्याच्या लेखाला चेहरा नसतो आणि मृत्यूनंतर तो लाभू शकतो. लेखकाचा मृत्यू ही येथे दर्शनाचीच पूर्वअट होते. बार्थ यांना ही कलाटणी आवडली असती, असे मानायला जागा आहे.

कर्ता सापडत नाही ही एक अडचण. कर्ता असण्याचीच शक्यता नाही ही दुसरी. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर इंग्लिश छायाचित्रकार डेव्हिड स्लेटर यांच्या कॅमेऱ्यावर एका काळ्या तुरेवाल्या मकाक माकडाने स्वतःची छायाचित्रे टिपली. ती २०११ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांतून गाजली आणि लगोलग कॉमन्सवर आली : कर्ता मनुष्य नाही, म्हणून हक्क कोणाचाच नाही, या कारणासह. प्रवास, कळपाचा विश्वास मिळवणे, तिवई, भिंगाची जुळवणी हे सारे आपले होते, माकडाने फक्त बटण दाबले, असा स्लेटर यांचा प्रतिवाद. २०१४ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानने चित्र हटवण्यास नकार दिल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाअखेर अमेरिकी प्रताधिकार कार्यालयाने आपल्या नियमपुस्तिकेत माकडाने काढलेले छायाचित्र हे नोंदणीस अपात्र कृतीचे उदाहरण म्हणून नोंदवले. पुढे पेटा या प्राणिहक्क संघटनेने माकडालाच हक्कदार ठरवण्यासाठी दावा लावला. तो २०१६ मध्ये फेटाळला गेला, २०१७ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली आणि एप्रिल २०१८ मध्ये अपील न्यायालयानेही माकडाला या कायद्याखाली दावा लावता येत नाही असाच निर्वाळा दिला. या प्रकरणाची थट्टाच अधिक झाली. त्यात दडलेला प्रश्न गंभीर होता : रचना करणारा कर्ता, की अखेरची क्रिया करणारा? मराठी स्टुडिओचा मालक आणि त्याचा नोकर यांच्यातला प्रश्न हाच. स्लेटर यांचे म्हणणे सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने मुळीच हास्यास्पद नव्हते; दिग्दर्शकाला चित्रपटाचा कर्ता मानणारी समीक्षा तेच म्हणत आली आहे. उलट, जुन्या चित्राची हुबेहूब छायाचित्रीय प्रत करणाऱ्याला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९९ च्या ब्रिजमन खटल्यात कर्ता मानले नाही, कारण त्या प्रतीत नवे काही नाही. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने आपल्या संग्रहातील ३,००० हून अधिक चित्रांच्या प्रती कॉमन्सवर गेल्यानंतर २००९ मध्ये कायदेशीर पत्र धाडले, तेव्हा वाद याच मुद्द्यावर होता. तो न्यायालयापर्यंत गेला नाही.

मजकुराकडे वळताच सारे उलटे होते. कोणत्याही लेखावर कोणाचीही मालकी नाही, हा या कोशाचा पायाभूत संकेत. कायद्याने पाहिले तर हे पूर्ण खरे नाही. प्रत्येक लिहिणाऱ्याचा आपल्या मजकुरावर प्रताधिकार असतोच. तो श्रेयनिर्देशाच्या अटीवर सर्वांना वापर खुला करून देतो आणि लेखामागील ‘इतिहास’ या पानावर त्याचे नाव अथवा टोपणनाव राहते. मात्र लेखाच्या आत ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याला कसलेही वजन नाही. दोन सदस्य एकमेकांचे बदल उलटवत बसले की ते ‘संपादन युद्ध’ ठरते, आणि इंग्रजी कोशात २४ तासांत तीनहून अधिक वेळा दुसऱ्याचा बदल उलटवणाऱ्यावर, त्याचे म्हणणे बरोबर असले तरी, बंदी येऊ शकते. येथे सत्यापेक्षा वर्तन मोठे. या युद्धांचे अवशेष वाक्यरचनेत सापडतात. बाल्टिक किनाऱ्यावरील ज्या शहरात १९२७ साली ग्युंटर ग्रास जन्मला त्याला ‘डान्झिग’ म्हणावे की ‘ग्दान्स्क’, यावर जर्मन आणि पोलिश बाजूंच्या सदस्यांत इतकी वर्षे झुंज चालली की २००५ मध्ये मतदान घ्यावे लागले : १३०८ ते १९४५ या काळासाठी डान्झिग, अन्य काळासाठी ग्दान्स्क. त्या शहराविषयीची आजची समतोल, काहीशी रूक्ष वाक्ये ही एखाद्या तहनाम्याची कलमे आहेत. शैलीमीमांसेला येथे व्यक्तिशैली शोधून सापडणार नाही. वाक्याचा प्रत्येक अर्धविराम कोणाच्या हट्टाने आला हे मात्र इतिहासाच्या पानावर तारीखवार वाचता येते. जनुकीय समीक्षेला एवढे साहित्य क्वचितच कोणत्या लेखकाने पुरवले असेल.

या व्यवस्थेशी प्रत्यक्ष एका कादंबरीकाराची गाठ पडली तो प्रसंग साहित्यसिद्धान्ताच्या पाठ्यक्रमात असायला हवा. फिलिप रॉथ यांच्या ‘द ह्यूमन स्टेन’ (२०००) या कादंबरीवरील इंग्रजी विकिपीडियाच्या लेखात तिचा नायक कोलमन सिल्क हा समीक्षक अनातोल ब्रॉयार्ड यांच्यावर बेतल्याचे सांगितले जाते, असा उल्लेख होता. परीक्षणांतून तसे सूचित झालेही होते : ब्रॉयार्ड मिश्रवंशीय होते आणि गोरे म्हणून जगले, सिल्क कृष्णवर्णीय कुटुंबातला, तो गोरा ज्यू म्हणून जगतो. रॉथ यांच्या वतीने हा उल्लेख काढण्याची खटपट झाली तेव्हा प्रचालकाकडून उत्तर आले ते असे, की स्वतःच्या कृतीविषयी लेखकाचा अधिकार मोठा असला तरी कोशाला दुय्यम साधनांचा आधार हवा. यावर रॉथ यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मधून विकिपीडियाला अनावृत पत्र लिहिले. नायकाचा उगम प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ मेल्विन ट्यूमिन यांच्यावरील एका प्रसंगात आहे, असे त्यात त्यांनी सविस्तर मांडले. वर्गात कधीच न दिसलेल्या दोन विद्यार्थ्यांविषयी ट्यूमिन यांनी ‘भुते’ या अर्थाचा एक शब्द उच्चारला. तो कृष्णवर्णीयांसाठी शिवी म्हणूनही वापरला जातो, ते विद्यार्थी कृष्णवर्णीय निघाले आणि ट्यूमिन यांच्यामागे चौकशीचा ससेमिरा लागला.

वृत्तपत्रांनी या प्रकरणाचा निकाल दोन प्रकारे लावला : एकतर लेखकालाच अविश्वसनीय ठरवणारी नोकरशाही, नाहीतर लेखकाच्या मृत्यूचा प्रत्यक्ष पुरावा. दोन्ही निकाल उथळ आहेत. विमसॅट आणि बियर्ड्सली यांनी १९४६ च्या आपल्या निबंधात नेमक्या अशाच परिस्थितीची कल्पना केली होती. एलियटच्या कवितेत डनचा संदर्भ आहे की नाही, हे एलियटला पत्र लिहून विचारता येईल. पण मिळालेले उत्तर हे कवितेविषयीचे उत्तर नसेल, असे त्यांचे प्रतिपादन. प्रचालकाने वरवर पाहता हेच केले. फरक असा, की त्या दोघांचा मुद्दा कृतीच्या अर्थापुरता होता. पात्राची कल्पना लेखकाला कोठून सुचली हा अर्थाचा प्रश्नच नाही. तो लेखकाच्या मनोव्यापाराचा, चरित्राचा प्रश्न आहे आणि तेथे लेखकाची साक्ष ही पहिली साक्ष होय. ‘लेखक मेला’ म्हणून ती नाकारणे हा सिद्धान्ताचा दुरुपयोग ठरेल. प्रचालकाने ती त्या कारणाने नाकारलीही नव्हती. रॉथ खोटे बोलत आहेत असे त्याचे म्हणणे नव्हते, हेतू गौण आहे असेही नव्हते. ते कोठे छापून आलेले नाही, एवढेच होते. पत्र छापून आले आणि रॉथ यांचे म्हणणे संदर्भासह लेखात दाखल झाले. ब्रॉयार्ड यांचा उल्लेखही गेला नाही. आता तो लेखकाने खोडून काढलेले मत म्हणून नांदतो. लेखकाने बोलून जे साधले नाही ते त्याने स्वतःचा संदर्भग्रंथ होऊन साधले.

रॉथ यांच्या पत्रात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. ही कादंबरीच एका अशा माणसाची आहे, जो आपला उगम नाकारतो आणि आपल्या एका शब्दाच्या अर्थावरील ताबा गमावतो. त्या पात्राचा उगम मात्र निश्चित करून द्यावा, वाचकांनी लावलेला संबंध पुसावा, हा लेखकाचा आग्रह. ‘ब्रॉयार्डवर बेतलेला’ ही माहिती चूक असेल. तसे वाटलेले वाचक चूक नाहीत. अनेक परीक्षकांना ते साम्य दिसले ही त्या कादंबरीच्या स्वीकृतीच्या इतिहासातील घटना आहे, आणि ती पुसण्याचा अधिकार लेखकाला नाही. कोशाने दोन्ही गोष्टी ठेवल्या, हे त्याच्या यांत्रिक नियमांनी केलेले शहाणपणाचे काम.

मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये ‘लेखक म्हणजे काय?’ असा प्रश्न केला तेव्हा बार्थपेक्षा एक पाऊल पुढे जाऊन लेखक हे कार्य आहे असे सुचवले, आणि संहितांना लेखक लाभले ते लेखक शिक्षेस पात्र झाल्यावर, याकडे लक्ष वेधले. २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने तिच्याविषयीच्या लेखातील मजकुरावरून विकिमीडिया प्रतिष्ठानविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात मानहानीचा दावा लावला, तेव्हा फूको यांचे हे विधान पुन्हा आठवावे अशी स्थिती आली. तो मजकूर लिहिणाऱ्या सदस्यांची ओळख उघड करण्याचा प्रश्न तेथे लगेच उभा राहिला. अखेर समन्स प्रतिष्ठानमार्फत बजावावे अशी तडजोड निघाली. खटल्याविषयीचा स्वतंत्र लेखही ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने हटवावा लागला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अर्थाचा उगम म्हणून नको असलेला, हक्काचा धनी म्हणून छायाचित्रापुरता हवा असलेला कर्ता येथे प्रतिवादी म्हणून हवा झाला. ही तीन वेगळी कार्ये आहेत. मराठीतील लेखकत्वाच्या चर्चेने ती ‘लेखक’ या एकाच शब्दात कोंबली, म्हणून ‘लेखक मेला की जिवंत’ या प्रश्नावर ती फिरत राहिली.

टोपणनावाने लिहिणाऱ्याचे हे संरक्षण मराठी कोशपरंपरेला अपरिचित आहे. श्री. व्यं. केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ अनेकांच्या श्रमांनी झाला, तरी आजही तो केतकरांचाच ज्ञानकोश म्हणून ओळखला जातो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘मराठी विश्वकोशा’त नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचे नाव येते, मतभेद असल्यास तो कोणाशी, हे वाचकाला कळते. मात्र त्या नावामागे संपादकांनी कोणते वाक्य गाळले, कोणते घातले, कोणते विशेषण सौम्य केले, याचा मागमूस छापील पानावर नसतो. विकिपीडियात प्रत्येक वाक्य कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला, कोणाचे वाक्य खोडून आले ते दिसते. लिहिणारा कोण, ते दिसत नाही.